तुमचा स्कार्फ अगदी सुरक्षित आहे

मुक्काम: हॉटेल (नाव दारावर लिहिलंय, पण ती अक्षरं मला वाचता येत नाहीत)
शुक्रवार, जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप मॅलकी काका यांना पुतण्या फिंटनचा, हातमोजे न काढता, नमस्कार.

खुब्याचं हाड कसं आहे? सिस्टर बेनिग्ना झोपण्यापूर्वीचा तुमचा घोट देते, की बाटली अजून तिच्याच कपाटात औषधांच्या मागे उभी आहे? पलीकडच्या खाटेवरचा लार्किन अजून तुमचीच वर्तमानपत्रं वाचतो का? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. जार्लाथ मॉइनच्या एका कानाचा रंग बदललाय, पण तो खाटीक असल्यामुळे त्याला त्याचं काही वाटत नाही. तुमचा स्कार्फही सुखरूप आहे. इतक्या सुरक्षित जागी आहे की तिथून तो कुणाच्या बापाला चोरता यायचा नाही. पण ते सवडीने सांगतो.

हे पत्र फादर ऑलिव्हर स्वतः तुमच्या हातात देतील. आमच्या विमानाचं काहीतरी गोठलंय म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळपर्यंत इथेच अडकलोय. फादरना रविवारची प्रार्थना असल्यामुळे दुसऱ्या विमानात एक जागा मिळाली. (जागा एकच आहे म्हटल्यावर जार्लाथलाही एकाएकी देवाची हाक ऐकू आली होती, पण त्याला लॅटिन येत नसल्याने तो प्रयत्न फसला.) मी फोन केला असता, पण तिथला फोन सिस्टर बेनिग्नाच्या टेबलावर आहे, आणि ती तोंडाने जपमाळ म्हणत कानाने फोन ऐकते. यातलं काही तिच्या कानावर जाता कामा नये.

निघताना तुम्ही मला दोन गोष्टी बजावल्या होत्यात. पहिली, अट्रॅक्टा काकूंनी विणलेला मरून आणि साय रंगाचा स्कार्फ परदेशातल्या मैदानावर न्यायचा आणि न धुता परत आणायचा. दुसरी, आपल्या ड्रमकॉरी रोव्हर्सने जर (आणि या ‘जर’वर तुम्ही एवढा जोर दिलात की कवळी जागची हलली) गोल केलाच, तर तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तुम्हाला जसाच्या तसा सांगायचा. कोणत्या पायाने मारला, किती अंतरावरून, गोलकीपर कुठल्या बाजूला पडला, सगळं. पाच वेळा क्लब युरोपात खेळून आला आणि पाचही वेळा परक्या मैदानावर भोपळा. एक्केचाळीस वर्षं तुम्ही त्या पोरांचे चिखलाने माखलेले शर्ट धुतलेत आणि एकदाही तुम्हाला बाहेर नेलं नाही, कारण कमिटीच्या मते धोबी तिकडेही मिळतात. हे मी विसरलेलो नाही, काका. त्यामुळेच हे पत्र लिहिताना मला जरा जड जातंय.

तर इथल्या, रशियातल्या थंडीचं काय सांगू. काल उणे एकोणीस होतं. आपल्याकडे थंडी पडली की माणसं दिवसभर तिच्याबद्दल बोलतात. इथे कुणी बोलतच नाही, कारण तोंड उघडलं की ती आत येते. सामना दुपारी चारला होता, पण जार्लाथ म्हणाला की बाराला निघू, म्हणजे वाट चुकायला वेळ मिळेल. नकाशा त्याच्याच हातात होता आणि तो उलटा धरलाय हे फादर ऑलिव्हरनी दोनदा सांगितलं. तरी आम्ही मैदानापाशी पोचलो. उंच भिंतीमागे दिव्यांचे खांब दिसत होते आणि भिंतीला लागून एक बुटका पिवळा हॉल होता. हॉलसमोर शे-दीडशे माणसांची रांग. सगळ्यांच्या गळ्यात त्यांच्या क्लबचे निळे-पांढरे स्कार्फ. जार्लाथने जाहीर केलं की हेच फाटक, आणि आम्ही रांगेत उभे राहिलो. रांग फार शिस्तीची होती. कुणी गात नव्हतं, कुणी शिव्या देत नव्हतं, काही जणांनी तर एवढ्या गारठ्यात टोप्या काढून हातात धरल्या होत्या. (जार्लाथ म्हणाला, यांना आपली भीती वाटतेय.) दार जवळ आलं, आतून उबदार हवा आली, मेणबत्त्यांचा वास आला, आणि मग आम्हाला शवपेटी दिसली.

आता तुम्ही म्हणाल की मागे फिरायचं होतं. काका, अंत्यदर्शनाच्या रांगेतून मागे फिरलेला माणूस ड्रमकॉरीत तुम्ही किती पाहिलेत? एक पॅडी लॉलर फिरला, तोही सत्त्याऐंशी साली, पोटात कळ आली म्हणून. अजून त्याच्याकडून कुणी अंडी घेत नाही. आमची तर तिघांचीही पावलं आपोआप पुढे सरकत होती. मेलेला माणूस कोण हे माहीत नसणं हे आपल्याकडे कधी न जाण्याचं कारण झालंय का? तुम्ही स्वतः मला लहानपणी एका तद्दन अनोळखी माणसाच्या अंत्यदर्शनाला नेलं होतंत, कारण तिथे सँडविच चांगली होती.

तर गेलेल्या गृहस्थांचं नाव येफिम साव्हेलिच. क्लबच्या मैदानाची देखभाल करणारे. अडतीस वर्षं त्यांनी त्या मैदानावरचं बर्फ हटवलं, रेषा आखल्या, गवत राखलं, आणि सामन्याच्या दोन दिवस आधी देवाघरी गेले. म्हणून सगळा क्लब तिथे लोटला होता. कडेला त्यांची बायको झिनाइदा पावलोव्हना काळा रुमाल बांधून उभी होती. हातभर उंचीची बाई, पण हात लोहाराचा. मी तो हात हातात घेतला आणि आपण म्हणतो तेच म्हणालो, की तुमच्या दुःखात आम्हीही आहोत. तिच्या नातीला, लिदाला, इंग्रजी येत होतं (शाळेत शिकवते). तिने आम्ही कुठले विचारलं. फादरनी आयर्लंड सांगितलं. लिदाने ते आजीला सांगितलं आणि मागच्या रांगेला बातमी लागली की येफिमसाठी माणसं आयर्लंडहून आलीत. एक म्हातारा रडायलाच लागला. झिनाइदाबाईंनी जार्लाथचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. खरं काय ते सांगायची ती वेळ होती, हे मला कळतं. पण ती तोंडं पाहून कुणाची जीभ रेटली असती? फादर ऑलिव्हर म्हणाले की आपण खोटं बोललो नाही, फक्त रांगेत उभे राहिलो.

मग आम्हाला हाताला धरून स्मशानात नेलं. बसमध्ये पहिल्या बाकावर बसवलं. बस बर्फात रुतली तेव्हा तिला धक्का मारायला मात्र उतरवलं, तिथे पाहुणचार आड आला नाही. स्मशानात फादर क्रूसाची खूण करायला लागले आणि त्यांचा हात डावीकडे गेला तेव्हा बाकी सगळ्यांचे उजवीकडे गेले (इथल्या पंथात ती खूण उलट बाजूने करतात). लोकांनी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं. इथे जमीन इतकी गोठलेली असते की खड्ड्यासाठी ती आधी जाळ घालून मऊ करावी लागते. (स्कार्फची आठवण काढू नका, येतोच त्यावर.)

परत हॉलवर आलो तेव्हा सव्वातीन झाले होते. मैदान भिंतीपलीकडे. बरेचसे पुरुष हळूच तिकडे सटकले. आम्हीही दाराकडे सरकलो, तर झिनाइदाबाईंनी आम्हाला टेबलाशी आपल्या शेजारी बसवलं. आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. समोर ताट आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा अहो खरंच नको म्हणायचं, तिसऱ्या आग्रहाला बसायचं. इथे आग्रहच करत नाहीत. नको म्हणायला तोंड उघडलं की त्यात घास. गव्हाची मध घातलेली खीर, लोण्यात भिजलेली धिरडी, खारवलेले मासे, आणि दर दहा मिनिटांनी गेलेल्याच्या नावाने एक पेला. तो एकमेकांच्या पेल्यावर आपटायचा नाही. जार्लाथने आपटला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. घाबरून त्याने समोर दिसला तो भरलेला पेला उचलून एका दमात संपवला आणि त्यावर ठेवलेला पावाचा तुकडा खाल्ला. काका, तो पेला येफिम साव्हेलिचच्या फोटोपुढे ठेवलेला होता. मेलेल्या माणसाचा घास होता तो.

मला वाटलं, आता आपल्यासाठीही जमीन मऊ करायला घेतात. पण झिनाइदाबाई हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. लिदा म्हणाली, आजी म्हणतेय की येफिमनेही तो इतका वेळ तसाच ठेवला नसता.

चार वाजून गेले. भिंतीपलीकडून आरडाओरड ऐकू यायला लागली. एकदा प्रचंड गर्जना झाली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी आम्ही तिघं ताटाकडे बघत होतो. प्रत्येक वेळी ताटात आणखी एक धिरडं होतं. पाच वाजून गेले, आणि एकाएकी पलीकडचा आवाज कुणी कापून टाकावा तसा बंद झाला. पंधरा हजार माणसं गप्प. अगदी लांबून, आत कुठेतरी, काही माणसं बेसूर ओरडत होती. झिनाइदाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या. लिदाने सांगितलं.

“आजी म्हणतेय, तुमचा गोल झाला. आमचा होतो तेव्हा खिडक्या हलतात. ही शांतता तुमची आहे.”

मी विचारलं, म्हणजे यांना माहीत आहे आम्ही सामन्यासाठी आलोय ते? लिदा हसली.

“पहिल्यापासून. तुमच्या गळ्यात स्कार्फ होता ना. आजी म्हणाली, सामन्याला आलेली माणसं मातीला थांबली, यांना उपाशी सोडायचं नाही.”

तर अशा रीतीने आपल्या क्लबने परक्या मैदानावर पहिला गोल केला, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, आणि तुमच्या पुतण्याने तो ऐकला. पाहिला असं मला म्हणवत नाही. पाच-एकने हरलो हे रेडिओवर तुम्हाला कळलंच असेल. मला त्या क्षणी तुमची फार आठवण आली. जार्लाथ मोठ्याने रडला, पण त्यात त्या पेल्यांचा वाटा किती ते सांगता येत नाही.

सिस्टर बेनिग्नाला आणि (नाइलाजाने) लार्किनला नमस्कार सांगावा. खुब्याची काळजी घ्यावी, उगाच उठून चालायला जाऊ नये, विशेषतः हे पत्र वाचून झाल्यावर.

आपला आज्ञाधारक (दोनपैकी शून्य आज्ञांपुरता),
फिंटन

ता. क. स्कार्फ. रांगेच्या टोकाला जो तो आपला स्कार्फ काढून उघड्या पेटीत ठेवत होता. फादरच्या खिशात प्रार्थनेची कार्डं होती (त्यांच्या खिशात ती आंघोळीच्या वेळीही असतात), जार्लाथकडे बिस्किटांचा डबा होता. माझ्याकडे तुमच्या स्कार्फशिवाय काहीच नव्हतं आणि बाईंच्या हातात माझा हात होता. रिकाम्या हाताने पुढे सरकणं मला जमलं नाही. तुम्हाला जमलं असतं तर मला खुशाल शिव्या द्या. तो मैदानापासून शंभर पावलांच्या आत होता, एवढं मात्र खरं. आता तो सहा फूट खाली येफिम साव्हेलिचच्या छातीवर आहे आणि कुणी धुणार नाही.

दुसरा ता. क. फादरकडे कागदात गुंडाळलेला एक पुडा आहे. त्यात येफिमचा स्वतःचा निळा-पांढरा स्कार्फ आहे. निघताना बाईंनी तो माझ्या गळ्यात घातला. मी त्यांना सांगितलं होतं की आमच्या घरी एक असेच आहेत, शर्ट धुणारे. त्या म्हणाल्या, मग हा त्यांना. त्याला तंबाखूचा आणि रॉकेलचा वास येतो. सिस्टर बेनिग्नाच्या हाती लागू देऊ नका.

तिसरा ता. क. आता कामाचं. रविवारी संध्याकाळी ड्रमकॉरीच्या हॉलमध्ये क्लबचं जेवण आहे, तुम्हाला चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवणार आहेत, आणि तुमचा पुतण्या म्हणून कमिटीने गोलाचं वर्णन करायला मलाच उभं करायचं ठरवलंय. सामन्याला आलेल्या आपल्या बाकीच्या मंडळींना आम्ही रशियन लोकांच्या गॅलरीत बसलो होतो असं सांगितलंय, त्यामुळे उघडपणे विचारायची सोय नाही. जार्लाथने आडून आडून चौघांना विचारलं. गोल गिलाव्याचं काम करणाऱ्या क्वर्कने केला एवढ्यावर चौघांचं एकमत आहे. बाकी एकाच्या मते डोक्याने, एकाच्या मते डाव्या पायाने, एकाच्या मते गुडघ्याने, आणि चौथा तेव्हा सूप आणायला गेला होता. तेव्हा रेडिओवर काय सांगितलं ते एका चिठ्ठीवर लिहून रविवारी सकाळी फादरकडे द्यावं, ही विनंती. मला माहीत आहे, रेडिओवाल्यांवर तुमचा विश्वास नाही.

शेवटचा ता. क. नाही म्हणण्यापूर्वी एक गोष्ट आठवून बघा. अट्रॅक्टा काकूंनी मला एकदा सांगितलं होतं की सामना चालू असताना तुम्ही कायम आत कपडे धुवायच्या खोलीत असायचात, आणि एक्केचाळीस वर्षांत पबमध्ये तुम्ही उभं राहून हातवारे करून सांगितलेले सगळेच्या सगळे गोल भिंतीआडून ऐकलेले होते. मी हे कुणाला बोललो नाही आणि बोलणारही नाही. तेव्हा रेडिओचं राहू द्या. कोणत्या पायाने, किती अंतरावरून, गोलकीपर कुठल्या बाजूला पडला, हे सगळं तुमचं तुम्हीच ठरवून कळवा. तुम्ही सांगाल तसाच तो झाला होता.