बायोची टेस्ट वाचताना

३ नोव्हेंबर

सोमवार. घोड्यांची सुट्टी, म्हणजे माझा धुण्याचा वार. घोडेस्वारीची पांढरी ब्रीचेस गॅलरीत वाळत घातली. परबकाकू खालून ओरडल्या, "सुवर्णा, ब्यांडात लागलंस काय गो?" त्यांचंही खरं आहे. ब्रीचेस शिवली चिंचपोकळीच्या शिंप्याने, आणि तो खरोखर ब्यांडवाल्यांचेच कपडे शिवतो. तीनदा समजावलं तरी मांडीला झालर लावू का विचारत होता.

लॅबमध्ये नेहमीचं. म्हात्रे: "रविवारी कुठला घोडा येणार, टिप दे ना." रेस नाही रे, ड्रेसाज. मग घोडा पळत नाही, उडी मारत नाही, तर करतो काय? सांगितलेलं करतो, म्हटलं. "मग तुला काय काम?" सांगायचं काम. तेही कुणाला दिसता कामा नये. दिसलं की मार्क गेले. म्हात्रेने माझ्याकडे दया येऊन बघितलं.

जानेवारीत स्पर्धा. मी आणि घोडी बायो. अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच मोठ्या रिंगणात. आईच्या साडीला घोड्याचे केस निघाले, त्यावरून रात्री बोलणी खाल्ली.

५ नोव्हेंबर

डावं वळण अजून लाकूड. रेसवाले घोड्यांना आयुष्यभर उजव्या हातालाच पळवतात. डावीकडेही जग आहे हे बायोला शिकवण्यात चार वर्षं गेली. आज दोन वर्तुळं मऊ झाली. पण मी तोंडातल्या तोंडात "हळू गो बायो" म्हणाले आणि ते आमच्या कोचने, मेजर सरांनी, ऐकलं.

"सुवर्णा, तोंड! रिंगणात आवाज चालत नाही. जज बहिरे नसतात."

माहीत आहे सर. पाय, पाठ, हात, सगळं बोलू द्या, फक्त तोंड नको. पण त्या पायांचं ऐकायला तिला शिकवलं ते तोंडानेच ना? ही रेसवरून आली तेव्हा तिघांना पाडून आली होती. कोणी बसेना, म्हणून माझ्या गळ्यात घातली. स्टाफची मुलगी, पडली तर पडली. बाबा इथे रायडिंग क्लबच्या तबेल्याच्या स्टोअरवर होते, त्यामुळे लहानपणी रविवारी बसायला मिळायचं. क्लबात अजून मी ती "स्टोअरवाल्यांची मुलगी"च.

पहिले सहा महिने तर बसलेच नाही. नुसती बाजूने चालायचे आणि बोलायचे. घरात जे बोलतो तेच. चल गो. थांबायचं तर रव गो. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, त्या नावाला ती कानही हलवत नाही.

१४ नोव्हेंबर

मे. सरांनी चहाला बोलावलं तेव्हाच समजायला हवं होतं. चहाला कधी बोलावत नाहीत.

आर्याचा घोडा लंगडा झाला. जानेवारीपर्यंत बरा होत नाही. आर्या सतरा वर्षांची, पुढे परदेशात शिकायला जाणार, ही स्पर्धा तिला हवी. तिचे पप्पा कमिटीवर. "बायो क्लबाची आहे, सुवर्णा. तुझी वैयक्तिक नाही." मग जरा मऊ आवाजात, "तू काय, पुढच्या वर्षी कर ना."

मी म्हणाले, "ठीक आहे सर."

ठीक आहे सर! हे तीन शब्द बाबांकडून आले माझ्याकडे. घर नाही आलं, काही नाही आलं, हे मात्र आलं.

वर आणखी: "आर्याला बायोवर जरा सेट करून दे."

१५ नोव्हें.

गेले नाही. डोकं दुखतं म्हणून कळवलं. आईला सांगितलं. वाटलं, बरं झालं म्हणेल, आजवर घोड्याच्या नावाने एक चांगला शब्द तिने काढलेला नाही. तर कांदा चिरता चिरता थांबली. "घोडी तुया शिकवलंस मा? मगे तेंका सांगूक काय झाला होता?"

काय झालं होतं ते मलाही कळत नाही. तोंड बंद ठेवायची सवय, दुसरं काय.

१८ नोव्हें.

आर्या बसली बायोवर. खरं लिहिते. मला ती पडायला हवी होती. मोडायला बिडायला नको, नुसती पडायला.

पडली नाही. पण बायो चाललीच नाही. शेपटी आपटत खांबासारखी उभी. आर्याची बैठक सुरेख आहे, माझ्यापेक्षा सरळ. लाथ नाही, हिसका नाही. तरी काही नाही. पंधरा मिनिटांनी तिच्या डोळ्यांत पाणी. "सुवर्णाताई, ती माझं ऐकतच नाहीये."

मी कठड्याला टेकून उभी होते. तोंडातून गेलं, "चल गो."

बायो चालू लागली. मान खाली, पाठ वर, दुडक्या चालीचा असा ट्रॉट की मी स्वतः तो बाहेरून कधी बघितलाच नव्हता. बसून दिसत नाही ना आपल्याला. किती सुंदर दिसते ती.

मे. सर बघत होते. आधी बायोकडे, मग माझ्याकडे. मूर्खपणा झाला.

२३ नोव्हें.

झालाच. या स्पर्धेत टेस्ट, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, पाठ असण्याची सक्ती नाही. बाहेर उभं राहून कोणीतरी वाचून दाखवू शकतं, रिंगणातल्या कुठल्या अक्षरावर काय करायचं ते. कागदावर आहे तेवढंच, एकही शब्द जास्त नाही. मे. सर म्हणाले, "आर्याची टेस्ट तू वाचशील. नियमात बसतं."

म्हणजे मी वर बसून बोलले तर गुन्हा, आणि खाली उभी राहून दुसरीसाठी बोलले तर नियम!

ठीक आहे सर.

३० नोव्हें.

वाचनासह पहिला सराव. "ए, एंटर, वर्किंग ट्रॉट. एक्स, हॉल्ट, सॅल्यूट." शब्द सगळे इंग्रजी, पण सूर आमच्या घोडपदेवच्या खोलीतला. 'ट्रॉट' वर उचलला की तो चल गो. 'हॉल्ट' खाली सोडला की रव गो. बायोचा एक कान सारखा माझ्याकडे. वळणावर मी जरा लांबवून वाचलं, तर डावं वर्तुळ लोण्यासारखं.

आर्या उतरली ती उड्या मारतच. "ताई, आज मला तिची किल्ली सापडली!"

सापडली बाई. कठड्याबाहेर उभी होती, लॅबला उशीर झालेली.

मुलगी वाईट नाही. गाजर आणते, स्वतः ब्रश करते, मला पाणी विचारते. वाईट असती तर किती बरं झालं असतं.

१० डिसेंबर

आर्याचे पप्पा आले होते सराव बघायला. अर्धा वेळ फोनवर. जाताना मे. सरांना म्हणाले, "जानेवारीत नीट गेली तर हिला आपण घेऊन टाकू." भाजी घेतात तसं. बंगळुरूकडे त्यांचं फार्म आहे, तिथे आर्याचा ट्रेनर. क्लब लगेच तयार. रेसवरून टाकलेली घोडी, एवढं चांगलं गिऱ्हाईक कुठून येणार?

आणि नाही गेली नीट, तर? तर राहते इथेच. मला पुढचं वर्ष.

म्हणजे मी चांगलं वाचलं तर ती गेली. वाईट वाचलं तर राहिली. आणि वाईट म्हणजे तरी काय, नुसतं सपाट वाचायचं. कागदावरचे सगळे शब्द, सूर शून्य. कोण काय पकडणार? दोन्ही नियमातच बसतं.

१२ डिसें.

घरी सपाट वाचायचा सराव केला. आईला वाटलं मी कसली परीक्षा देतेय. "खंयचो पेपर असा गो?"

१३ डिसें.

करून बघितलं. स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाचलं. बायो मधोमध थांबली. आर्या पुढे मानेवर आदळली. बायोने तिच्याकडे लक्षच दिलं नाही, मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघत राहिली. काय झालं, कुठे गेलीस, असं.

आर्या: "सॉरी ताई, माझंच चुकलं."

लतीफभाई, बायोची देखभाल करणारे सईस, खोगीर उतरवताना म्हणाले, "मॅडम, आज गला खराब है क्या?" हो म्हटलं. त्यांनी आल्याचा चहा आणून दिला. तो प्यायले, लाज वाटली तरी प्यायले.

मग तेच सांगू लागले, तिकडच्या फार्मवर मैदान आहे म्हणे, घोडे मोकळे सोडतात. इथे तास-दीड तास काम, की पुन्हा चार भिंती. "घास पे तो ये कभी लोटी ही नहीं होगी." ही कधी गवतावर लोळलीच नसेल, हे चार वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. आज मुद्दाम आणून घातल्यासारखं आलं. आता तिचं भलं कशात आहे हेही मीच बघायचं का? माझं कोण बघतंय?

१० जानेवारी

उद्या स्पर्धा. बायोच्या आयाळीच्या वेण्या मीच घातल्या, आर्याला जमत नाहीत. डोकं माझ्या खांद्यावर ठेवून झोपली. तिला सगळं खोटं सांगितलं, काही नाही गो, काही नाही.

ठरवलंय. सपाट वाचणार. ती राहील. स्वार्थी तर स्वार्थी. एवढी वर्षं चांगलं वागून काय मिळालं?

११ जाने.

नाही जमलं.

कागद हातात, आर्या रिंगणाच्या दारात. पांढऱ्या ब्रीचेसमध्ये, बिनझालरीच्या. बायोचा कान वळला माझ्याकडे. जज टेबलाशी बसलेले, पेन उघडून. आणि माझ्या मनात काय आलं? गवत नाही, आर्या नाही. आलं ते हे, की आता मार्क द्यायचेत ते माझ्या चार वर्षांना. आणि त्यात मीच तिला नापास करू?

"ए, एंटर." सूर आपोआप लागला. मग सगळं लागलं. डावं वर्तुळ असं झालं की जजने मान वर करून पुन्हा बघितलं. शेवटचा हॉल्ट चौकोनी, चारी पाय जागच्या जागी. टाळ्या. शेवटची ओळ असते रिंगण सोडून जाण्याची. "ए, लीव्ह अरीना, लॉंग रेन." तीही मीच वाचली. ती गेली, लांब लगामावर, मान सैल सोडून.

आर्या दुसरी. मला मिठी मारून रडली. तिच्या पप्पांनी मे. सरांचा हात हातात घेतला तेव्हा मी वळून बूट पुसत बसले. बूट स्वच्छ होते.

१३ जाने.

क्लबच्या ग्रुपवर फोटो. आर्या, बायो, चषक, मे. सर. कडेला एक कोपर आणि कागदाचं टोक आहे, ती मी. म्हात्रेला दाखवला. "यात तू कुठे?" कोपरावर बोट ठेवलं. तो हसला नाही. पहिल्यांदाच.

रविवारी नेणार बायोला. निरोप घ्यायला जाणार नाही. मे. सरांना तसं स्पष्ट सांगितलं. "ठीक आहे, सुवर्णा," म्हणाले. या वेळी ते म्हणाले.

१८ जाने.

रविवार. घरीच. आईने घावणे केले, खाल्ले नाहीत.

सकाळी मे. सरांचा फोन. उचलला नाही. पुन्हा. मग आर्याचा, तोही नाही. मग लतीफभाईंचा. तो उचलला. ते कधी कारणाशिवाय फोन करत नाहीत.

मागे गलका. बायो गाडीत चढत नाही. पहाटेपासून. फळीवर पुढचे पाय ठेवते आणि मागे हटते. गाजर झालं, दोरी झाली, चार माणसं मागून ढकलून झाली. एकाला लागलं. आता डॉक्टर सुई द्यायचं म्हणतोय, गुंगीची, मग ओढून चढवणार. "मॅडम, आप आके खाली दो लफ्ज बोल दो. चढ जाएगी." मग हळूच, "नहीं आए तो भी मैं समझेगा."

आई दारात उभी. सगळं ऐकलेलं. "जातलंस?"

चल गो. एवढंच म्हणायचंय. माझ्याच तोंडून शिकली आणि माझ्याच तोंडून जाणार. नाही गेले, तर सुई. किंवा वेळेवर पोचून "रव गो" म्हटलं तर? मग चार काय, दहा माणसांनीही हलायची नाही.

बूट घातलेत. फोन पुन्हा वाजतोय. जिना उतरेपर्यंत कुठला शब्द तोंडात येतो बघायचं.