वाऱ्यात ढिला सोडलेला दोर

बाबा,

त्या वादळात तू समुद्रावरून परत आला नाहीस, त्यानंतर आईने मला बोटीवर पाय ठेवू दिला नाही. पाण्यापासून जितका लांब जाशील तितका बरा, म्हणायची. म्हणून असेल, पन्नाशीला टेकताना मी डोंगर चढू लागलो. यंदा बोईसरच्या कारखान्यातल्या मंडळींबरोबर हिमालयात गेलो आणि शिखराखालच्या शेवटच्या कॅम्पावर वाऱ्याने आम्हाला अडकवलं. सकाळपासून तंबूत बसून होतो. कापड फडफडत होतं, दांडे वाकत होते, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. सोबत माझ्याच शिफ्टमधला कोल्हापूरकडचा एक जण. त्याने विचारलं, "दादा, तुमच्या सातपाटीला असलं वारं सुटलं की काय करता?" मी म्हटलं, "नांगर टाकतो आणि देवाचं नाव घेतो." "मग नांगर आणायचा राहिला की," म्हणत तो हसला. मी मनात एकवीरा आईचं नाव घेत राहिलो.

मग तुझा आवाज आला. आठवण नव्हे. मागून, उजव्या कानाशी, सुकाणूवरून बोलायचास तसा. "दोर ढिला सोड. तानलास तं तुटंल." शाळेला सुट्टी असली की तू मला बोटीवर न्यायचास, तेव्हाचं हे शिकवणं. वाऱ्यात नांगराचा दोर लांब सोडायचा, बोटीला लाटेबरोबर उठू द्यायचं. मी रांगत बाहेर गेलो आणि वाऱ्याकडचे तंबूचे दोर एकेक करून सैल केले. काही चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही. वारा तंबूच्या पोटात शिरला, एक दांडा मोडला आणि सोबती आत असताना तंबू दरीच्या बाजूला सरकू लागला. आतून तो ओरडत होता, "दादा, आवळा दोर. ही होडी न्हाय." मी दोरावर आडवा पडलो. मी आवळत होतो आणि तू सांगतच होतास, ढिला सोड, ढिला सोड. पहिल्यांदाच मी तुझं ऐकलं नाही, आणि तंबू थांबला.

संध्याकाळी वारा पडला. सोबत्याने माझ्या हातात चहा दिला. पण तेव्हापासून, घरी परतलो तरी, मला झोप नाही. वादळानंतर ना तू सापडलास, ना बोटीची एखादी फळी. दोराचं तुझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं, म्हणजे तू कुठेतरी नांगर टाकून थांबला असशील, हे धरून मी इतकी वर्षं काढली. त्या दिवशी तुझंच चुकलं असेल का, हे कधी मनात आलं नव्हतं. आता रोज येतं.

इथवर लिहून काल बंदरावर गेलो. गेलेल्याला द्यायचं ते आपण पाण्यात सोडतो, तसं हे पत्र सोडायचं होतं. भरती लागली होती, तरी खिशातून काढलं नाही. सोडलं असतं तर तू त्या पाण्यातच आहेस हे मान्य केल्यासारखं झालं असतं. आईने मरायच्या आधी ते मान्य केलं. मला अजून जमत नाही.