नोएडावाल्यांची काशी-सहल

४ डिसेंबर

सुबोधचा फोन! नाताळात भाऊराया, बायको, लेक तिघंही येताहेत. ‘जिज्जी, बनारस फिरायचंय. तूच नीट आखून दे.’ फिरायचंय म्हणे! याच गल्लीत नागडा हिंडला हा. नोएडात पंधरा वर्षं काढली की माणूस आपल्याच गावात पाहुणा होतो.

मग रितिकाने फोन घेतला. गंगेसमोरची हॉटेलातली खोली हवी, घरात नको — ‘दीदी, तुम्हाला उगाच त्रास.’ आमच्या संडासाचा त्रास म्हण की सरळ! सूर्योदय नावेतून. आरती अगदी पुढून. आणि कचोडी जिथे ‘खरे लोक’ खातात तिथली. खोटे लोक कुठे खातात ते विचारणार होते, पण अम्मा समोर बसली होती.

७ डिसेंबर

आज पोटातलं ओठावर आलं. सहल नुसती वरवरची. अम्माला न्यायला येताहेत!

‘हिवाळ्यापुरती गं,’ सुबोध म्हणतो. हो, मग डोळ्यांचं ऑपरेशन, मग पाखीची दहावी, मग आणखी काहीतरी. मला शिकवतो!

मी म्हटलं, तिचं काशीवासाचं व्रत आहे. अकरा वर्षं तिने काशीची हद्द ओलांडलेली नाही. मिर्झापूरला सख्खा भाऊ गेला तेव्हासुद्धा गेली नाही, इथेच भिंतीला डोकं टेकून रडली. गंगेपल्याडच्या वाळूवरही पाय ठेवत नाही. तिकडे मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

‘जिज्जी, आजकाल कोण मानतं असलं?’

अम्मा मानते! तिच्यापायीच तर मी इथे अडकले. सासर सोडून आले त्याच वर्षी हिने हे व्रत काढलं. मग हिला टाकून जाणार कुठे? लखनौच्या कॉलेजातली नोकरी चालून आली होती, ती सोडली. इथे मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. मुली जांभया देतात.

आणि ती गेली तर? चार खोल्या, गच्चीवरची माकडं आणि मी. भीती वाटते. लिहिलं एकदाचं. नाही जाऊ द्यायची.

१२ डिसेंबर

रितिका विचारते, ‘दीदी, काशी दोन दिवसांत उरकेल ना?’ धुणं आहे का ते उरकायला!

१३ डिसेंबर

युक्ती सुचली! पहिल्याच सकाळी सगळ्यांना पल्याड न्यायचं. रितिकाला उंटावर बसून फोटो काढायचाच आहे. अम्मालाही घाटापर्यंत न्यायचं. ती नावेत पाऊल टाकणार नाही, चारचौघांत नाही म्हणेल, आणि सुबोधच्या तोंडाला कायमचं कुलूप. जी नदी ओलांडत नाही ती नोएडाला जाते होय? लल्लन मल्लाहाला नाव सांगून ठेवली. रितिका फोनवर नुसती चिवचिवत होती, ‘दीदी, तुम्ही किती छान आखलंय!’ बिचारी. अक्कल वाटत होते तेव्हा ही बहुतेक फोटो काढत होती.

१८ डिसेंबर

अम्मा लेकासाठी चूडा-मटर करायचं म्हणून मटार सोलत बसलीय. मी बजावलं, ‘लाडीगोडीला भुलून व्रत मोडू नकोस हं.’

‘किती बोलतेस गं बिट्टी,’ म्हणाली आणि हसली. हसण्यासारखं काय होतं?

२५ डिसेंबर

आले! रितिकाने घाटावर पाय ठेवताच नाकाला रुमाल लावला, आणि रुमालाआडून म्हणते, ‘किती पवित्र वाटतं ना इथे!’ मलइयो खायला घातलं तर म्हणे, ‘हा तर नुसता फेस आहे.’ फेसच असतो बये. पाखीने मात्र तीन कुल्हड चाटूनपुसून खाल्ले. रक्त आमचं.

२६ डिसेंबर



सकाळी घाटावर धुकं होतं. लल्लनने फळी टाकली. तिघंही बसले. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, ‘अम्मा, तू माझ्याजवळ थांब हं. तुझं व्रत आहे.’

लल्लनही हसत म्हणाला, ‘अम्माजी, पल्याड येताय? गाढव व्हायचंय का?’

‘होईन की रे. ओझी वाहायची सवय आहेच,’ म्हणाली, निऱ्या वर खोचल्या आणि बसली नावेत! मी घाटावर खांबासारखी उभी. शेवटी मलाही चढावं लागलं.

वाळूवर चहा प्यायली. उंटाला बिस्किट चारलं. आणि रितिकाला विचारते काय, ‘दुलहिन, नोएडात थंडी किती पडते गं?’

ती जाणार आहे. तिचं तिकीट सुबोधने आधीच काढलंय, तिला विचारून!

मी तिथेच भांडले. ‘आणि व्रत? उंट बघितला आणि व्रत गेलं गंगेत?’ लोक बघत होते. बघू देत. अम्मा म्हणाली, ‘घरी बोलू.’ घरी आली ती थेट गाठोडं बांधायला बसली.

ढोंगी! माझी अकरा वर्षं खाल्ली आणि आता नातीच्या अंगणात जाऊन बसणार. शेवटी मुलगाच लागतो यांना. मुलगी आपली दळण आणायला.

२८ डिसेंबर

गेले सगळे. निघताना अम्माने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी मान काढून घेतली. स्टेशनवर गेले नाही.

उद्या शंभू पंडितांकडे जाते. व्रत त्यांनीच दिलं होतं. मोडल्याचं प्रायश्चित्त काय ते त्यांच्याच तोंडून ऐकते आणि तिला फोनवर ऐकवते.

२९ डिसेंबर

पंडितजी म्हणाले, ‘कसलं व्रत? तिने संकल्प कधी केलाच नव्हता. तू परत आलीस त्या वर्षी सुबोध तिला न्यायला आला होता. ती रडत आली माझ्याकडे. म्हणाली, पोरगी अन्नाला शिवत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. हिला टाकून कशी जाऊ? आणि हिच्यासाठी राहिले असं म्हटलं तर ही जीव देईल. मुलाला मोडता येणार नाही असं काहीतरी कारण द्या. मी काशीवास सांगितला.’

मग आता का गेली, मी विचारलं.

‘गेल्या महिन्यात पेढे घेऊन आली होती. म्हणाली, पंडितजी, पोरगी आता साऱ्या जगाला नावं ठेवते. बरी झाली.’