नळीतली सहा मिनिटं

अब्बा, घरी आपण उर्दूच बोलायचो, पण मला शाळेत मराठीत तुम्हीच घातलंत, आणि लिहायला बसलं की मला तीच सुचते. जव्हारच्या डेपोसमोरच्या तुमच्या दुकानात दुरुस्त झालेलं घड्याळ त्याच दिवशी गिऱ्हाईकाला कधी मिळालं नाही. आठ दिवस ते खिळ्याला टांगून तुम्ही रोज सकाळी रेडिओच्या वेळेशी ताडून बघायचात. खोडाळ्याहून आलेला माणूस हेलपाटा पडला म्हणून कुरकुरायचा, तरी तुमचं आपलं एकच, ‘आधी मी बघणार, मग तुम्ही.’ मला तो नुसता हेकटपणा वाटायचा.

मी ठाण्याकडच्या रसायनांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायला लागलो. तिथे भट्टीतला वायू बारीक नळीतून एका पेटीत येतो आणि त्यात काय किती आहे ते पेटी सांगते. आधी शाईचा काटा कागदावर रेघ ओढत बसायचा. वेळ कुणी बघत नसे. मग दर मिनिटाला वेळ आणि आकडा छापणारं नवं यंत्र आलं आणि ते जोडायचं काम माझ्याकडे आलं. घड्याळजीचा मुलगा ना मी! त्याचं घड्याळ सेकंदाला सेकंद मिळवलं आणि त्याच दिवशी यंत्र साहेबांच्या ताब्यात दिलं. पण नळी लांब होती. भट्टीतला वायू पेटीपर्यंत पोचायला सहा मिनिटं लागत, आणि ती वजा करायला मी विसरलो.

महिन्याभरात एक घाणा, म्हणजे भट्टीत एका वेळी शिजणारा सगळा माल, बिघडला. त्या पाळीला वांगणीचा एक कामगार होता. दहाच्या भोंग्याला त्यानं वायूची चावी उघडायची होती, आणि कागद म्हणत होता दहा वाजून सहा मिनिटं. ‘भोंगा झाला तवाच फिरवली, साहेब. जाग्यावरून हाललो पन नाय,’ तो पुन्हा पुन्हा सांगत होता. साहेबांनी कागद त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं. मी तिथेच उभा आहे, सहा हा आकडा ऐकताक्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आहे, आणि मी खाली बघतो आहे. त्याला काढलं. दोन दिवसांनी मी यंत्र गुपचूप सुधारलं. घाणा खरोखर कशानं बिघडला, ते मला आजही ठाऊक नाही.

ईदला घरी आलो, तेव्हा जेवताना मी त्याच यंत्राची फुशारकी मारत होतो. तुम्ही घास हातातच ठेवून विचारलंत, ‘पाइपातून यायला टाइम लागेल ना? तो कोणी धरला?’ कारखान्यात इतके शिकलेले लोक, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी सगळं ओकून टाकलं. तुम्ही ओरडला नाहीत. ‘एकाची रोटी गेली तुझ्यापायी. जा, साहेबाला सांग. मग मला तोंड दाखव.’ ताटावरून उठलात ते न जेवताच.

मी सांगितलं नाही, अब्बा. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. पुढच्या खेपेला तुम्ही दारातच विचारलंत, ‘सांगितलंस?’ मी म्हटलं, ‘हो. परत घेतलं त्याला.’ तुम्ही तुमचं डोळ्याला लावायचं भिंग, ज्याला कुणाला हात लावू देत नव्हतात ते, माझ्या हातावर ठेवलंत. ‘आता झालास कारागीर,’ म्हणालात. त्याच थंडीत तुम्ही गेलात.

त्यानंतर एकदा मी वांगणीला गेलो होतो. त्याची बायको नागली पाखडत होती. ‘ते जगाया गेलं, भिवंडीकडं कामाला. तुमी कोन?’ मी म्हटलं, वाट चुकलो, पाणी द्या. तिनं तांब्या भरून दिला. मी पाणी प्यायलो आणि निघालो. त्या बाईनं माझ्याकडे संशयानं पाहिलंसुद्धा नाही, याची मला अजून लाज वाटते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण खरं सांगू? तुम्ही आज दुकानात बसलेले असता, तरी मी ते तुमच्या हातात दिलं नसतं. तुम्ही भिंग परत मागितलं असतंत, आणि मला ते द्यायचं नाही.