फायलींच्या कपाटाचं चुलाण

बोस, क्वेबेक
७ एप्रिल

तीर्थरूप रोझ-एमेताईस,

काजळीने माखलेल्या दोन्ही हातांनी धाकट्या आदेलारचा नमस्कार. (कोपऱ्यातला डाग शाईचा नाही, पाकाचा आहे. चाटू नकोस, त्यात थोडी राखही आहे.) तुझा गुडघा कसा आहे? शेरब्रुकच्या तुमच्या त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त झाली का? आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे, आणि नोएला पुन्हा माझ्याशी बोलायला लागली आहे, त्यावरून तीही बरी असावी.

तिने अबोला का धरला होता, ते सांगतो. मार्चच्या मध्याला थंडी जराशी मोडली आणि मी घरामागच्या नऊ मेपलच्या झाडांना रसासाठी नळ्या ठोकल्या. का ठोकल्या ते विचारू नकोस. सव्वीस वर्षं ठोकल्या नव्हत्या. बाबांचं चुलाण आणि काहील त्यांच्यामागे मीच भंगारात घातली होती (त्यावरून तू दोन महिने माझा फोन उचलला नव्हतास, हे मी विसरलेलो नाही). पण पहिला थेंब रिकाम्या बादलीत टप्प करून वाजला आणि मी बर्फात तसाच उभा राहिलो, एकाहत्तर वर्षांचा बाप्या, हातात हातोडी घेऊन. तीन दिवसांत शंभरावर लिटर रस जमला. आता आटवायचा कशात? नोएला तिच्या बहिणीकडे गेली होती. मी घरातली असतील नसतील ती पातेली स्वयंपाकघरात चढवली.

चाळीस लिटर रसातून एक लिटर पाक उरतो हे मला लहानपणापासून पाठ होतं. उरलेले एकोणचाळीस लिटर जातात कुठे, हा विचार मात्र मी आयुष्यात केला नव्हता. ते वाफ होऊन भिंतींवर जातात. दुपारपर्यंत नोएलाने भिंतीला लावलेला गुलाबाच्या फुलांचा कागद छतापासून सुटून माझ्या डोक्यावर आला. त्याच्यामागून त्याच्याखालचा, निळ्या होड्यांचा. आणि त्याच्याखाली, ताई, आईची हिरवी भिंत निघाली, आणि भिंतीवर आपल्या दोघांच्या पेन्सिलच्या रेघा! दर ईस्टरला आई आपल्याला भिंतीला टेकवून उभं करायची, आठवतं? तुझ्या एका रेघेपुढे आईने लिहून ठेवलंय, "टाचा उचलल्या." मी खुर्ची ओढून त्या रेघांसमोर बसलो आणि पातेल्यांकडे बघायचं राहून गेलं. नोएला आली तेव्हा दोन पातेली करपलेली, भिंत उघडी आणि नवरा नाक पुसतोय. ती एवढंच म्हणाली, "हे सगळं उचल आणि बाहेर ने. तूसुद्धा बाहेरच राहा."

म्हणून चुलाण बांधायला घेतलं. (एक डॉलरही खर्च केला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) मी एकतीस वर्षं जिची बस चालवली ती शाळा बंद पडून दोन वर्षं झाली, आणि तिचं फायलींचं लोखंडी कपाट मागच्या अंगणात गंजत पडलं होतं. चार खणांचं. मी ते विचारून आणलं. खण काढून ते पाठीवर आडवं केलं की चार तोंडं आभाळाकडे बघतात, त्यातल्या तीन तोंडांत बंद पडलेल्या हॉटेलातली स्टीलची खोल ताटं अशी बसली की जणू मापानेच केली होती. चौथ्या तोंडावर, धुराड्याजवळ, चर्चच्या सभागृहातलं कॉफीचं जुनं पिंप. त्यात रस कोमट व्हायचा आणि पिंपाच्या तोटीतून थेंबथेंब पुढच्या ताटात पडायचा. धुराडं शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं. तळाला विटा. एका बाजूला "गैरहजर" अशी चिठ्ठी अजून चिकटलेली होती, ती मी राहू दिली.

पहिला जाळ नुसताच रंग जाळण्यासाठी केला. शाळेच्या खात्याने त्या कपाटाला किती हात रंग दिला होता कोण जाणे! असा काळा धूर निघाला की शेजारणीने फोन केला आणि अग्निशमनाचा बंब भोंगा वाजवत अंगणात. उतरला कोण, तर रेजां! तोच, बसमध्ये फटाके उडवायचा म्हणून ज्याला मी सहा वर्षं माझ्या पाठीमागच्या बाकावर बसवला होता. आता तो आमच्या बंबाचा प्रमुख आहे. त्याने कपाटाभोवती एक फेरी मारली, ती चिठ्ठी वाचली आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाला, "आदेलारकाका, इकडे या. मला दिसाल असं बसा. आणि कशालाही हात लावायचा नाही." त्याच्या हाताखालचे तिघंही माझ्याच बसमधले. त्यांना एवढं हसू आलं की पाण्याची नळी धरवेना.

दुसऱ्या दिवशी ते चौघं परत आले, भोंग्याशिवाय, दोन डझन अंडी घेऊन, रसात उकडायला. जाळ छान लागला होता. मी बाबांसारखा ऐटीत पळी धरून उभा. तेवढ्यात मधल्या ताटातला फेस उठला. ताई, तो थांबेचना! काठावरून खाली, जाळात, चर्र आवाज, करपल्याचा वास. मी पळीने फेस दाबतोय, रेजां ओरडतोय, "काका, काहीतरी करा, नाहीतर मी पाणी मारतो!" बाबा काय करायचे ते मला आठवेना. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि आठवेना.

मागचं दार उघडलं. नोएला सपाता घालून बर्फातून चालत आली. तिने दोरीला बांधलेला डुकराच्या चरबीचा तुकडा ताटावर टांगला. फेस चरबीला टेकला आणि बसला. "वीस वर्षं तुझ्या बाबांच्या काहिलीची मळी मी काढली," ती म्हणाली. "तू फक्त लाकडं आणायचास." अकरा दिवसांनंतरचं तिचं पहिलं वाक्य. मग तिने पळी माझ्या हातातून घेतली ती घेतलीच.

पाक पळीच्या काठावरून पडदा धरून पडायला लागल्यावर तिने तो बर्फावर ओतला आणि काडीला गुंडाळून पहिला घास मला दिला. काळपट, किंचित धुरकट. बाबांचाच. मग आम्ही सहाही जण काड्या घेऊन त्या बर्फाभोवती गोळा झालो.

सोबत एक बाटली पाठवतो आहे. तुझ्या गुडघ्याला सांभाळ आणि माझ्यावरचा राग जमेल तसा कमी कर.

तुझा,
आदेलार

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. आपल्या दोघांच्या नावावरचं मेपलचं बन विकायचं म्हणून चार वर्षं मी तुझ्या मागे लागलो होतो आणि तू कंटाळून जानेवारीत सही करून कागद पाठवलेस. गिऱ्हाइकाला मी शब्द दिला आहे, पुढच्या बुधवारी वकिलाकडे जायचं आहे. आता मी स्वतःहून माघार घेतली तर गावात तोंड दाखवता येणार नाही. तेव्हा मला एक खरमरीत पत्र लिही. त्यात म्हण, मरेन पण विकू देणार नाही. भंगाराची आठवण काढ. चार शिव्या घाल, नोएलासमोर मोठ्याने वाचता येतील अशा.

ता. क. दुसरा. तुझे कागद परत पाठवावेत म्हणून आत्ता पाकिटातून काढले. तू सही आईच्या नावाने केली आहेस. आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली, ताई! तीन महिने हे पाकीट माझ्या टेबलावर आहे आणि मी ते एकदाही उघडलं नाही, आणि मी उघडणार नाही हे तुला माहीत होतं.

पत्र तरीही लिही. शिव्या कमी करू नकोस.