निरंक समजावे

३ मार्च, सोमवार

आली एकदाची! आमदार कुंदाताईंच्या विधेयकाची फाईल, माझ्याच टेबलावर. पुनर्वसनाच्या इमारतींतल्या लिफ्ट दर सहा महिन्यांनी बाहेरच्या इंजिनियरकडून तपासायच्या, नाहीतर बंद ठेवायच्या. शासनाने हो म्हणायचं की नाही, त्याची टिपणी मी लिहायची. साहेबांनी विधेयक वाचलंसुद्धा नाही. "विरोधी बाकावरचं ना? मग भूमिका ठरलेली. कारणं तेवढी शोधा."

सतरा वर्षं कारणंच शोधतेय.

५ मार्च

मुलुंडला घरी पोचते न पोचते तोच थोरल्या बहिणीचा, मालनताईचा फोन. तिची मानखुर्दची इमारत पुनर्वसनाचीच, अकरावा मजला. "अगं, लिफ्ट नवव्यावरून धाडकन सातव्यावर! तुझ्या खात्याला सांग ना गं." गुडघे गेलेत तिचे, जिने चढणार कशी? बघते म्हटलं. विधेयकाचं काही बोलले नाही.

६ मार्च

सगळ्या निरीक्षण कार्यालयांना पत्र — तीन वर्षांत लिफ्टचे अपघात किती? खाली नेहमीचं वाक्य: मुदतीत माहिती न आल्यास निरंक समजण्यात येईल. म्हणजे जो गप्प बसला त्याचं शून्य धरायचं. चालत आलंय.

१३ मार्च

मुदत संपली. बाकी सगळ्यांचं निरंक आलं, पूर्व उपनगरांचं उत्तरच नाही. फोन केला — "मॅडम, रजिस्टरवाला रजेवर आहे!" साहेबांकडे दोन दिवस मागितले. "अजून विधी खातं, मग मंत्र्यांची सही. दोन दिवस काय झाडाला लागतात?"

लिहिलं. निरंक. ताईचा फोन आठवत होता, तरी लिहिलं. तोंडी सांगितलेल्याला आमच्याकडे आवक नंबर नसतो. लाज वाटली, पण फाईल वर गेली.

२१ मार्च, शुक्रवार

अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसून ऐकलं. मंत्री माझंच वाक्य वाचत होते — "गेल्या तीन वर्षांत एकही अपघात नाही. प्रचलित कायदा पुरेसा आहे." कुंदाताई उसळल्या, "एकदा मानखुर्दच्या लिफ्टने वर जाऊन दाखवा!" हशा. मग ठरलेलं — शासन सकारात्मक आहे, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. घेतलं बिचारीने. अकरा मिनिटांत खेळ खलास!

साहेब म्हणाले, "झकास टिपणी." मला जेवण गेलं नाही.

२ एप्रिल

पूर्व उपनगरांचं पत्र आज आलं. अपघात — अकरा! नवव्या नंबरवर ताईची इमारत. दोरखंड झिजलेला, असंही लिहिलंय.

धावत साहेबांकडे. त्यांनी पत्र उलटं ठेवलं. "मंत्री सभागृहात बोलून बसलेत. आता त्यांना खोटं पाडायचंय का? दफ्तरी दाखल करा."

केलं. माझ्या हाताने.

१२ एप्रिल

ताईचा फोन. "चौदाला जयंतीला लवकर ये. खीर करतेय, खाली मंडपात द्यायचीय सगळ्यांना." मी म्हटलं, ताई, लिफ्टने नको जाऊस गं. "मग पातेलं काय डोक्यावर घेऊन उतरू? आणि दुरुस्त झालीय ती, नवा बल्ब लावलाय!" हसली. का नको, ते सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात म्हणाली, दूध उतू चाललंय. ठेवला फोन.

उद्या सांगते. नक्की.

१३ एप्रिल

राहिलं.

२२ एप्रिल

आजपासून ऑफिस. पूर्व उपनगरांचं पत्र टेबलावर — या वेळी मुदतीत. "लिफ्ट अपघात, दि. १४ एप्रिल. मयत: श्रीमती मालन खंडू साळवे, वय ५६. आपल्या खात्याच्या दप्तरी पूर्वीची नोंद निरंक असल्याने घटना क्रमांक १."

साहेबांचा शेरा: टिपणी सादर करावी.

ताई बारावी आहे.