पाठ झालेला तक्ता

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोहोचले. दोनदा वाचले. पहिल्या वाचनात राग आला होता, आणि रागात वाचलेले पत्र वाचले असे मी धरत नाही.

जावईबापूंना जाऊन एप्रिलात वर्ष होईल. त्या दिवशी तुमच्या कॅथलिक चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, शास्त्रपाठ तू वाचावास, अशी तुझ्या सासूबाईंची इच्छा आहे. तू तो वाचणार नाहीस. एवढेच नव्हे, तर त्या दिवसापासून चर्चची पायरी चढणार नाहीस आणि शास्त्र उघडणार नाहीस, असे तू कळवतेस. कळवतेस, विचारत नाहीस; हे मला आवडले. आपल्या घराण्यात निर्णय घेणारी माणसे विरळाच. बाकीच्यांनी 'बघू' या एका शब्दावर जन्म काढला. तुझी आईही त्यांतलीच. सख्खी बहीण होती, म्हणून लिहितो.

मी तुझे सांत्वन करणार नाही. ते करायला तुझ्या गल्लीत माणसे कमी नसावीत. मी एक अट घालतो. नकार द्यायचा असेल, तर तो वाचून दे. मी जन्मभर मुलांना टंकलेखन शिकवले. समोरचा मजकूर न पाहता बोटे चालवणाऱ्याला मी यंत्रावरून उठवत असे, मग त्याचा वेग कितीही असो. तू तर प्रत्यक्ष देवाला नकार देते आहेस. निदान मजकूर समोर ठेव.

दर आठवड्याला बायबलातले एक स्तोत्र घेऊ. आकडा मी कळवीन. तू तिथे आणि मी इथे तेच स्तोत्र रोज वाचू, आणि काय वाटले ते एकमेकांना लिहू. गोड लिहायचे नाही, खोटे लिहायचे नाही. वर्षदिनापर्यंत एवढे कर. त्यानंतरही तुझे मन तेच असेल, तर तुझा नकार मी स्वतः टंकून तुमच्या फादरांना पाठवीन, आणि त्यात एकही चूक नसेल.

आरंभ तिसाव्या स्तोत्राने करावा. पहिली ओळ लिहीत नाही. घराचा क्रमांक दिल्यावर बोट धरून दारापर्यंत नेण्याची माझी रीत नाही.

गुडघा पूर्ववत, म्हणजे वाईट. तुझ्या नकारात मामा येत नाही असे समजून माया तशीच ठेवावीस.

तुझा,
मामा

---

१० फेब्रुवारी

ती. मामांस,
स. न. वि. वि.

तुमचे पत्र सासूबाईंनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले. नकाराचा भाग मी गाळला. त्यांना तो मी अजून सांगितलेला नाही. पण वाचता वाचता मध्येच थांबलेली सून त्यांना कळली असणार. दिसत नाही म्हणून त्यांना कळत नाही, असे मुळीच नाही. चष्म्याचे दुकान घरचे, आणि घरच्याच म्हातारीला ठळक अक्षरसुद्धा दिसेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुकानाचे म्हणाल, तर पूर्वी हे बाहेर डोळे तपासत आणि मी पडद्यामागे काचा घासत असे. आता दोन्ही मीच करते. आमच्याकडे एक निवृत्त बसचालक येतात. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी पाठ केला आहे. नजर गेली असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी. अगदी खालची बारीक ओळ घडाघडा म्हणतात, ऐटीत उठतात, आणि जाताना काचेच्या दारावर आपटतात.

मामा, माझे शास्त्रवाचन तसेच झाले आहे. यांच्या शवपेटीजवळ सगळ्यांनी 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे मेंढपाळाचे स्तोत्र म्हटले. मीही म्हटले. एक शब्द चुकला नाही, आणि दिसले काहीच नाही. तेव्हापासून ते स्तोत्र कानांवर पडले की मी खोलीतून उठून जाते. यांच्यासाठी इतकी माणसे इतके महिने प्रार्थना करत होती. त्याचे काय झाले, हे मला कोणी विचारूही देत नाही.

तरी तुमची अट मान्य. तुमच्याशी वाद घालणे म्हणजे दगडावर डोके आपटणे, आणि डोके मला एकच आहे. माझे पुस्तक मी यांच्या पेटीत ठेवले, म्हणून सासूबाईंच्या लग्नातले जुने, जाडजूड पुस्तक काढले. मला वाटले होते, मामा काहीतरी आनंदाचे धाडतील. पण स्तोत्रातला हा माणूस तर म्हणतो की दुःखाने माझे डोळे झिजले, मेलेल्याला विसरावे तसे लोक मला विसरले, मी फुटक्या भांड्यासारखा झालो. झिजलेले डोळे मी रोज पाहते. आनंद झाला नाही, पण पटले.

गुडघ्याला शेक द्यावा; तो माझ्यासारखा हट्टी नसेल, तर ऐकेल. माझ्यावर रागवा, पण दूर करू नका.

तुमची,
चिमणी

---

१८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून मी चक्रावलो. तिसाव्या स्तोत्रात रडणे एका रात्रीपुरते मुक्कामाला येते आणि सकाळी हर्ष दारात उभा असतो. त्यात तुला फुटके भांडे कुठे सापडले? दुःखी माणूस भरल्या घरातही भांडी फोडतो, हे मी समजू शकतो. तथापि मजकुरात नसलेले वाचू नये. मी तुला वाचायला सांगितले आहे, रचायला नव्हे.

असो. तुला पटले असे लिहिलेस, ते मी जपून ठेवले आहे.

पुढचे स्तोत्र एकशे एक. त्यात कुढणे नाही. आपले घर शुद्ध मनाने चालवीन, असा एका कर्त्या माणसाचा निश्चय आहे. सध्या तुझ्या घराला आणि दुकानाला त्याचीच गरज आहे.

त्या बसचालकांचे तू काय करतेस, ते लिहिले नाहीस. पाठ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर काही उपाय असेलच. मला तो कळायला हवा. माझ्या चर्चच्या मंडळीत असे पुष्कळ आहेत, आणि काही तर पहिल्याच बाकावर बसतात.

सासूबाईंना माझा नमस्कार. मेणबत्त्या कितीही लावा म्हणावे, वाचायला चष्मा लागतोच. त्या चिडल्या तर प्रकृती ठीक आहे असे समजेन. खुशाली लवकर कळव आणि मामाला धरून राहा.

तुझा,
मामा

---

२ मार्च

ती. मामांस,
स. न. वि. वि.

सासूबाई चिडल्या. तुझ्या मामांना म्हणावे, त्यांच्या चर्चमध्ये मेणबत्त्या नाहीत म्हणूनच ते इतके अंधारात आहेत, असे त्यांनी सांगितले आहे. प्रकृती ठीक आहे.

तक्त्याचा उपाय सोपा आहे. यांनी त्याच्या पाठीवर दुसरा तक्ता चिकटवून ठेवला होता. पाठ म्हणणारे गिऱ्हाईक आले की हे हसून तक्ता उलटत. मी मात्र ते विसरले होते. परवा बसचालक आले, तेव्हा मी तो उलटला. त्यांनी डोळे चोळले, पुढे वाकून पाहिले. मग म्हणाले की पोरी, मला वरचे मोठे अक्षरसुद्धा दिसत नाही. त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्यासाठी जाड काचा घासायला घेतल्या आहेत.

आता तुमच्या स्तोत्राविषयी. मामा, तुम्ही हे मुद्दाम निवडलेत, आणि वरून कर्त्या माणसाच्या निश्चयाची थाप मारलीत! मी ते वाचत होते, आणि मध्येच छपरावर एकटी बसलेली चिमणी आली. जन्मभर मला या नावाने हाक मारता, आणि ती तिथे बसलेली आहे हे एकदाही सांगितले नाहीत. दिवस धुरासारखे विरतात, जेवणाची शुद्ध नाही, घास राखेसारखा लागतो, डोळ्याला डोळा लागत नाही. हे सगळे तो देवाला तोंडावर सांगतो. असे सांगायची परवानगी असते, हे मला ठाऊक नव्हते.

सासूबाईंनी ते मोठ्याने वाचायला लावले. ऐकून म्हणाल्या की त्यांच्याही घशाखाली घास उतरत नाही, पण सुनेच्या देखत खायचे म्हणून खातात. मीही त्यांच्या देखत खायचे म्हणून खात होते. एका टेबलाशी बसून आम्ही दोघी इतके महिने एकमेकींना फसवत होतो. त्या रडल्या, मीही रडले. मग खरोखरची भूक लागली.

नकार अजून मागे घेतलेला नाही. लगेच हुरळून जाऊ नका. पण पुस्तक आता कपाटात नाही, टेबलावर असते. पुढचा आकडा कळवा. चिमणीला छपरावर विसरू नका.

तुमची,
चिमणी

---

११ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

माझ्या एकशे एकाव्या स्तोत्रात एकही पक्षी नाही.

प्रथम वाटले, वय झाले. चष्मा पुसला, पुन्हा वाचले. कर्ता माणूस जागेवर होता, चिमणी नव्हती. पान उलटले, तर एकशे दोनाव्यात ती बसलेली! मग तिसावे सोडून एकतिसावे उघडले. तिथे तुझे फुटके भांडे. शेवटी आमच्या पाळकांना गाठले. ते इतके हसले की मला बसावे लागले. तुम्हा कॅथलिकांच्या जुन्या पुस्तकांत नववे आणि दहावे स्तोत्र जोडून एकच धरले आहे. तिथून पुढे बऱ्याच अंतरापर्यंत तुमचा आकडा आम्हा प्रॉटेस्टंटांहून एकाने मागे चालतो. तुझ्या लग्नात मी तुमच्या फादरांशी पंगतभर वाद घातला. हे एवढे विचारायचे मात्र राहिले. आणि पहिली ओळ लिहिली असती, तर ही चूक झालीच नसती. हसून घे. एकदाच.

आता मुद्द्याचे. तुझ्यासाठी मी सगळी आनंदाची आणि उभारीची स्तोत्रे निवडली होती. तुला बरे वाटावे, एवढाच हेतू. मी औषध द्यायला निघालो, आणि प्रभूने शेजारची बाटली तुझ्या हाती दिली. तुझा तक्ता उलटला गेला, चिमणे, आणि उलटणारा हात माझा नव्हता.

यानंतर सत्त्याऐंशीवे सांगणार होतो. आमच्याकडे ते देवाच्या नगराचे गाणे आहे. तुमचे सत्त्याऐंशीवे म्हणजे आमचे अठ्ठ्याऐंशीवे. ते मी हा आठवडाभर रोज मोठ्याने वाचले. ते दुःखात सुरू होते आणि अंधारात संपते. शेवटीसुद्धा कुठे दिवा नाही. मी ते तुला कधीच दिले नसते; शोकात असलेल्या माणसाला ते कोणीही देणार नाही. तरीही ते शास्त्रात आहे, आणि कोणी त्याला गोड शेवट जोडलेला नाही. तुझी आई गेली तेव्हा मी जे बोलायचे टाळले, ते सारे त्यात जसेच्या तसे होते. वाचून संपले तेव्हा मी वाकलो नव्हतो, ताठ बसलो होतो.

म्हणून यापुढे तुझ्यासाठी मी निवडणार नाही. ते वाचायचे की नाही, आणि वर्षदिनी उभे राहायचे की नाही, हे तूच ठरव. माझी अट आजपासून संपली. मी मात्र वाचत राहणार. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
मामा

---

१३ एप्रिल

ती. मामांस,
स. न. वि. वि.

एकदाच हसायची परवानगी होती, पण सासूबाईंनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेतले. पाळक हसले आणि तुम्हाला बसावे लागले, हा भाग त्यांना विशेष आवडला.

काल वर्षदिन झाला. आधी महिनाभर मी आमचे सत्त्याऐंशीवे वाचत होते. पहिल्या दिवशी पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी राग आला. मग एके दिवशी काचा घासताना लक्षात आले की या माणसाला सांगण्यासारखे चांगले काहीच उरलेले नाही, आणि तरी तो रोज सकाळी उठून ते देवालाच सांगतो आहे. मी बोलणेच बंद केले होते. त्याच्या आणि माझ्या अंधारात एवढाच फरक होता. त्या दिवशी घासायचे चाक थांबवले आणि यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहून, इतके महिने कोणी विचारू दिले नव्हते ते सगळे विचारले. उत्तर आले नाही, पण आता विचारणे थांबलेले नाही. मामा, मला पुन्हा प्रार्थना करता येते.

फादरांना सांगितले की वाचेन, पण हेच वाचेन. ते अडखळले, शेवटी आशेच्या चार ओळी जोडू या म्हणाले. मी म्हटले की लिहिणाऱ्याने जोडल्या नाहीत, मी कोण? सासूबाईंनी काठी आपटून सांगितले की माझ्या मुलासाठी आहे, जसे आहे तसेच होऊ द्या. मी सावकाश वाचले. अंधाराशी आले आणि थांबले. बाहेर पडताना नव्या चष्म्यातले बसचालक म्हणाले की पोरी, आज पाठ म्हटले नाहीस.

आज सकाळी टेबल मांडताना सासूबाईंनी मेंढपाळाचे स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. मी उठून जायला निघाले, आणि दारातून परत आले. त्यांना थांबवले. म्हटले, पाठ नको, मी वाचते. ओळीखाली बोट ठेवून वाचले. त्यात माझ्यासाठी जेवण मांडले जाते, ते शत्रू समोर असतानाच. ते शत्रू कुठे गेले असे लिहिलेले नाही. ते तिथेच असतात, आणि तरी जेवण मांडले जाते. इतकी वर्षे म्हणत आले, पण हे कधी दिसलेच नव्हते. समोर यांची खुर्ची रिकामी होती. आम्ही दोघी जेवलो.

सासूबाईंचा नमस्कार. मेणबत्ती एक तुमच्या नावाने लावली आहे, चिडू नये. माया आहे ती अशीच चालू ठेवा.

तुमची,
चिमणी

ता. क. माझ्या नकारासाठी यंत्रावर कागद चढवला असेल, तर तो वाया घालवू नका. त्यावर पुढचा आकडा टंकून पाठवा. या वेळी पहिली ओळही लिहा.